जुन्या गाडीचा नवा हौदा

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या लोकलचे शेवटचे स्थानक कसारा. येथून पुढे रेल्वे थळ घाट चढू लागते. ३७ फुटांच्या वाटचालीत १ फूट चढण, म्हणून गाडीला मागून जोर देणारी जादा इंजिने येथेच जोडली जातात. रेल्वेच्या जोडीने मुंबई–आग्रा रस्ताही घाट चढतो. लोकलमधून उतरून जीपने नाशिकला जाणे हा अनेकांचा परिपाठ आहे. साहजिकच रस्त्याच्या कडेला गाड्या दुरुस्त करणारी गॅरेजेस वाढली. अशाच एका गॅरेजात आम्हाला सुट्टीच्या काही दिवसांत पदार्थविज्ञानाचे असे धडे मिळाले, जे पुस्तकात वाचूनही पुरते उमगले नव्हते.

आमच्या परिचयातील एका शेतकरी कुटुंबाकडे जीपच्या सांगाड्यावर बांधलेली जुनी पिकअप गाडी आहे. भाताची पोती, पेंढा, भाजीपाला असे सारे काही तिने वाहिले. इंजिन अजून चालते, पण मागचा हौदा गंजून चाळणीसारखा झाला होता. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे पत्रे आणि मागचा फाळका, सगळेच बदलणे भाग होते. या गाडीचे तयार पत्रे आता बाजारात येत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांची इच्छा एवढीच, की गाडी मोडीत जाऊ नये आणि हौदा होता तसाच व्हावा.

‘होता तसाच’ ही अट वाटते तितकी साधी नाही. नवा पत्रा जुन्याच सांगाड्यावर, जुन्याच बोल्टच्या भोकांत बसला पाहिजे. कायद्याचेही भान ठेवावे लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. म्हणून मूळ मापाचा, मूळ आकाराचा पत्रा नव्याने घडवायचा. अमेरिकेत जुन्या पिकअप गाड्यांसाठी असे पत्रे बनवणे हा स्वतंत्र व्यवसायच आहे. तेथे फोर्ड कंपनीने १९२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली. तेव्हापासूनच्या गाड्या जपणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. आपल्याकडे हे काम गॅरेजातला पत्र्याचा मिस्त्री करतो. ते कसे होते आणि त्यामागे कोणते विज्ञान आहे, हे आपण पाहू.

पन्हळी कशासाठी?

कोणत्याही पिकअपच्या हौद्याचा तळ पाहा. तो सपाट नसतो. पुढून मागे जाणाऱ्या उभ्या पन्हळी त्यात काढलेल्या असतात. त्या शोभेसाठी नाहीत.

दोन पुस्तकांच्या मध्ये वहीचा कागद पुलासारखा ठेवा. तो स्वतःच्याच वजनाने वाकतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून पुन्हा ठेवा. आता तो खडूची पेटीसुद्धा पेलेल. कागद तोच, वजन तेच, बदलला तो फक्त आकार.

याचे कारण असे. पट्टी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते. मधला थर ना ताणला जातो, ना दाबला जातो. या मधल्या थरापासून धातू जितका दूर, तितका तो वाकण्याला अधिक विरोध करतो, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सपाट पत्र्यात सगळाच धातू मधल्या थराला चिकटून असतो. पन्हळ काढली की तोच धातू वर आणि खाली दूर सरकतो.

आकडेमोड करून पाहू. सपाट पत्र्याची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो आणि १६ गेजचा सुमारे १.६ मिलिमीटर. जाड पत्रा घेतला तर ताठरता २.४ पट होते. पण ८ फूट × ४ फूट पत्र्याचे वजन सुमारे २८ किलोंवरून ३७ किलोंवर जाते. याउलट १.२ मिलिमीटरच्याच पत्र्यात ७५ मिलिमीटर अंतराने १० मिलिमीटर उंचीच्या नागमोडी पन्हळी काढल्या, तर पन्हळीच्या दिशेने ताठरता सुमारे १०० पट होते आणि धातू लागतो जेमतेम ४ टक्के जास्त. हौद्याच्या तळातील पन्हळी इतक्या दाट नसतात, म्हणून फायदाही इतका नसतो. तरीही जाडी वाढवण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्तात मिळतो. लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर यांनी पन्हळी पत्र्याचे एकस्व १८२९ मध्ये घेतले, ते याच गुणावर.

येथे एक मेख आहे. ताठरता वाढते ती फक्त पन्हळीच्या लांबीच्या दिशेने. आडव्या दिशेने पत्रा सहज वाकतो. म्हणून तळाच्या पन्हळी पुढून मागे असतात आणि त्यांच्या खाली आडव्या पट्ट्या दिलेल्या असतात. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शिवाय पोती सरकवणे सोपे जाते आणि पाणी फाळक्याकडे वाहून जाते.

आमचा चुकलेला हिशेब

बाजूच्या पत्र्याची वरची कड बाहेरच्या बाजूला मोडून, पुन्हा खाली व पुन्हा आत वळवलेली होती, आणि खालची कडही मोडलेली होती. अशा एकूण चार मोडी. मिस्त्रींना मदत म्हणून आम्ही जुन्या पत्र्याची बाहेरून मापे घेतली, त्यांची बेरीज केली आणि तेवढ्या रुंदीचा सपाट पत्रा कापायला सांगितला. बोल्टची भोकेही आधीच पाडून घेतली. मिस्त्री म्हणाले, “साहेब, आधी एक पट्टी मोडून बघू.” आम्ही म्हणालो, “हिशेब पक्का आहे.”

मोडून तयार झालेला पत्रा गाडीवर धरला, तेव्हा तो जवळजवळ ९ मिलिमीटर मोठा भरला. एकही भोक जुळेना. पत्रा वाया गेला. त्याचे पैसे अर्थातच आम्ही भरले.

चूक कोठे झाली? आम्ही कोपरा टोकदार मानला होता. प्रत्यक्षात धातू कोपऱ्यावर गोलाईने वळतो. शेताच्या बांधाबांधाने जाण्याऐवजी आडवाटेने गेलो तर अंतर कमी पडते, तसेच हे आहे. मोडीची आतली त्रिज्या १.२ मिलिमीटर आणि जाडीही तेवढीच धरू. बाहेरून मोजताना कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना २.४ मिलिमीटर, म्हणजे एकूण ४.८ मिलिमीटर धरले जातात. पण लांबी न बदलणारा थर आतल्या पृष्ठभागापासून जाडीच्या सुमारे ०.४ पट अंतरावर असतो. त्याची त्रिज्या १.२ अधिक ०.४८, म्हणजे १.६८ मिलिमीटर. तिचा पाव परीघ २.६४ मिलिमीटर. याचा अर्थ, दर मोडीमागे सुमारे २.२ मिलिमीटर पत्रा कमी घ्यायला हवा होता. चार मोडींचे झाले ८.८ मिलिमीटर. आमची चूक नेमकी तेवढीच होती.

मग मिस्त्रींनी त्यांची रीत दाखवली. त्याच पत्र्याची १०० मिलिमीटर लांबीची पट्टी कापली, त्याच यंत्रावर काटकोनात मोडली आणि दोन्ही भुजा बाहेरून मोजल्या. बेरीज १०२ मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक आली. जो जास्तीचा आकडा आला, तोच दर मोडीमागे वजा करायचा. सूत्र नको, त्रिज्या नको. यंत्र, पत्रा आणि मोड यांच्या सगळ्या लकबी त्या एका आकड्यात आपोआप येतात. आम्ही ज्याला ‘प्रायोगिक स्थिरांक’ म्हणतो, ते मिस्त्री वर्षानुवर्षे पट्टी मोडून काढत आले आहेत. सूत्राचा उपयोग नाही असे नव्हे. आकडा असा का येतो, हे सूत्र सांगते. पण सूत्र वापरण्याआधी आपण काय गृहीत धरले आहे, ते तपासायला पट्टीच हवी.

पत्रा मागे येतो

दुसरा धडा मोडीच्या कोनाचा. काटकोन हवा असेल तर पत्रा ९० अंशांत मोडून भागत नाही. यंत्रातून सोडताच तो थोडा मागे उघडतो. म्हणून एक-दोन अंश जास्त मोडावे लागते.

धातूत दोन प्रकारचे बदल होतात. थोडा ताण दिला तर तो रबरासारखा मूळ लांबीवर परत येतो. मऊ पोलादाच्या बाबतीत ही मर्यादा फार लहान, साधारण हजारात एक भाग एवढी असते. त्यापलीकडचा बदल कायम राहतो. मोडीत बाहेरचा थर सुमारे एक-तृतीयांशाने ताणला जातो, म्हणून मोड टिकते. पण मधल्या थराजवळचा धातू मर्यादेच्या आतच राहतो आणि बाहेरच्या थरातही परत येण्याची थोडी ओढ शिल्लक असते. मोडीची गोलाई जितकी मोठी, तितका हा मागे येणारा भाग मोठा. शिशाची तार, लोखंडी तार आणि स्प्रिंगची पोलादी तार एकाच पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडून द्या. तिघींच्या वागण्यातला फरक विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल.

बाहेरचा थर एवढा ताणला जात असेल तर पत्रा फाटत का नाही? पत्रा बेताचाच मऊ असेल तर फाटतोही. म्हणून गाड्यांसाठी खेचकामाचा मऊ पत्रा घेतात. त्यात कार्बन फार कमी असतो. शिवाय पत्र्याला रोख असतो. कारखान्यात रूळांमधून ज्या दिशेने तो लाटला जातो, त्या दिशेला समांतर मोड घातली तर तडा जाण्याची शक्यता जास्त, आडवी घातली तर कमी. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, हे आठवा.

द्रोणाची चुणी

हौद्याच्या बाजूला चाकावर येणारी कमान असते. तिची कड गोलाईने जाते आणि आतल्या बाजूला मोडलेली असते. हे काम सर्वांत अवघड.

कागदाची नळी करता येते, शंकूही करता येतो, पण कागद चेंडूला सुरकुत्यांवाचून चिकटवता येत नाही. ज्या आकाराला एकाच दिशेने वक्रता आहे, तो सपाट पत्र्यापासून नुसता वाकवून बनतो. दोन दिशांनी वक्रता आली की धातू कोठेतरी ताणावा किंवा आकसवावा लागतो. पानांचा द्रोण करताना कोपऱ्यात चुणी घालतात, ती याचसाठी. काठाला गरजेपेक्षा जास्त पान उरते, ते कोठेतरी जायला हवे. पत्र्याला चुणी चालत नाही. म्हणून जास्तीचा धातू ठोकून आत जिरवावा लागतो, किंवा कमी पडेल तेथे ठोकून पातळ करत पसरवावा लागतो.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालते, त्यामागेही हेच तत्त्व आहे. हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याने धातू किंचित पसरतो आणि त्याबरोबर कठीणही होतो. धातूच्या स्फटिकांतील दोष एकमेकांत अडकून पडतात आणि थर सहज सरकेनासे होतात. फार ठोकले तर तडा जातो. मग ताव देऊन, म्हणजे तापवून, धातू पुन्हा मऊ करतात. तांबट आणि पत्र्याचा मिस्त्री या दोघांचे शास्त्र एकच आहे.

पत्र्याच्या मधोमध सुरू होऊन मधोमधच संपणारी पन्हळ काढतानाही हाच प्रश्न येतो. पन्हळीला लागणारा धातू आजूबाजूने ओढला जातो, आणि जेथे ताण असमान राहतो तेथे पत्रा ढिला पडतो. बोटाने दाबले की ‘टक्’ करून आत जातो, सोडले की ‘टक्’ करून बाहेर येतो, तेलाच्या डब्याच्या बुडासारखा. म्हणून मिस्त्री आधी पन्हळी काढतात, मग कडा कापून मापात आणतात आणि मोडी सर्वांत शेवटी घालतात. हा क्रम उलटा केला तर मापे हलतात.

तळाच्या पत्र्यात टोकापासून टोकापर्यंत पन्हळी होत्या. त्या आम्ही शहापूर–आसनगाव पट्ट्यातील एका छोट्या कारखान्यात बेंडिंग प्रेसवर काढून घेतल्या. १० मिलिमीटर उंचीची आणि ४५ अंशांच्या उतारांची प्रत्येक पन्हळ सुमारे ८ मिलिमीटर रुंदी खाते. सात पन्हळींत ५८ मिलिमीटर जातात. त्यामुळे ४ फुटी, म्हणजे १२२० मिलिमीटरचा पत्रा पन्हळीनंतर ११६० च्या आसपास उरतो. या वेळी मात्र आम्ही आधी पट्टी मोडून पाहिली आणि मगच रुंदी ठरवली. तळाला एक सांधा द्यावा लागला. तो दोन पन्हळींमधल्या सपाट भागात, खालच्या आडव्या पट्टीवर टेकलेला घेतला.

जोडणी आणि उष्णता

पत्रे जोडताना वेल्डिंगची उष्णता आडवी येते. पोलादाची लांबी दर अंश सेल्सिअसला दहा लाखात सुमारे १२ भाग वाढते. १०० मिलिमीटरचा भाग ८०० अंशांनी तापला तर तो साधारण १ मिलिमीटर वाढू पाहतो. पण भोवतीचा थंड पत्रा त्याला वाढू देत नाही. मऊ झालेला तापलेला भाग तेथेच दाबला जाऊन जाड होतो. थंड होताना मात्र तो आकसतो आणि सगळा पत्रा ओढून घेतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग वेल्डिंग करत गेलो, तर पत्रा वाळलेल्या पानासारखा वाकडा होतो. म्हणून आधी दूरदूर टाके घालतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला, एक मध्ये. प्रत्येक टाका निवू देतात.

जस्ताचा लेप दिलेला पत्रा असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. जस्त ४२० अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. म्हणजे वेल्डिंगच्या आधीच जस्ताची वाफ होते. तिचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. म्हणून सांध्याजवळचा लेप आधी घासून काढावा, काम मोकळ्या हवेत करावे आणि योग्य मुखवटा वापरावा. शिकाऊ मुलांना हे कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवे ते नेमके हेच.

गंज का व कोठे?

जुना हौदा कोठे गंजला होता? मोकळ्या पृष्ठभागावर कमी. पन्हळींच्या खाली, आडव्या पट्टी आणि तळ यांच्या मधल्या फटीत, कोपऱ्यातल्या चिखलाखाली जास्त. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. फटीत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. फटीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर आणि आत कमी, या फरकामुळे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते व आतले लोखंड झिजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फट आणखी उघडते. कसाऱ्याच्या पावसाळ्यात ओला पेंढा आठवडाभर हौद्यात राहिला तर वेगळ्या कारणाची गरजच नाही.

उपाय जस्ताचा. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ते आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. लेपाला ओरखडा गेला तरी शेजारचे जस्त काम करत राहते. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये या पद्धतीचे एकस्व घेतले. असा पत्रा बनवणारा मोठा कारखाना आमच्याच शहापूर तालुक्यात वासिंदला आहे. दोन्ही बाजूंना मिळून दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूच्या लेपाची जाडी भरते अवघी ८ मायक्रॉन. सांध्याजवळ घासून काढलेल्या लेपाच्या जागी जस्तयुक्त रंग द्यावाच लागतो. आम्ही फटीत आधी रंग भरला, मग पत्रे जोडले आणि कोपऱ्यांत पाणी निघून जायला भोके ठेवली.

कारखाना आणि हातोडा

मूळ पत्रा कारखान्यात शेकडो टनी दाबयंत्रावर एका ठोक्यात निघाला असेल. त्यासाठी लागणारे साचे फार महाग. पण तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो, म्हणून एक पत्रा स्वस्त पडतो. एकाच गाडीसाठी साचा करणे परवडत नाही. मग साच्याचे काम मिस्त्रीची नजर आणि हात करतात, आणि वेळ लागतो कित्येक दिवस. जुन्या वस्तूचा एक भाग नवीन वस्तूपेक्षा महाग का पडतो, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. चपलेच्या जाड रबराच्या तुकड्यावर कडेच्या बाजूने समान अंतरावर उभ्या रेघा मारा. तुकडा वाकवा. बाहेरच्या रेघा दूर जातात, आतल्या जवळ येतात. न बदलणारा थर शोधा.

२. पत्र्याची १०० मिलिमीटरची पट्टी मिस्त्रीकडून मोडून आणा. शाळेतल्या व्हर्नियरने दोन्ही भुजा मोजा. दोन वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या घेऊन फरक पाहा. पट्टीच्या कडा धारदार असतात, त्या आधी घासून घ्या.

३. तीन परीक्षानळ्यांत मिठाचे पाणी घ्या. एकीत साधा खिळा, दुसरीत जस्ताची पट्टी गुंडाळलेला, तिसरीत तांब्याची तार गुंडाळलेला खिळा ठेवा. आठवड्याने पाहा. तांबे कोणाची बाजू घेते, हे विद्यार्थ्यांना आधी ओळखायला सांगा.

हौदा तयार झाला. सगळे बोल्ट हाताने फिरवून बसले, हातोडी लागली नाही. घरातल्या आजोबांनी फाळका दोनदा उघडून बंद केला आणि त्याचा आवाज ऐकून मान हलवली. आम्ही वाया घालवलेला पत्रा मिस्त्रींनी टाकून दिला नव्हता. त्यातून त्यांनी चाकांच्या कमानीचे तुकडे कापले.

मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या हाताखाली सध्या कोणी शिकत नाही. मुले नव्या गाड्यांचे काम करतात, तेथे पत्रा घडवत नाहीत, तयार आणून बदलतात. मिस्त्रींची रीत कोठे लिहिलेली नाही. आपल्या शाळेजवळच्या गॅरेजात, तांबटाकडे किंवा पत्र्याच्या दुकानात विद्यार्थ्यांना एक दिवस घेऊन जावे आणि तेथील रीती त्यांना वहीत उतरवायला सांगाव्यात. प्रत्येक रीतीपुढे ‘असे का?’ हा प्रश्न लिहावा. काही उत्तरे पाठ्यपुस्तकात सापडतील. जी सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी एक पट्टी मोडून पाहावी.